पहिलं वेबपेज कुणाला दाखवायचं आणि कसं

माझं पहिलं वेबपेज तयार झालं त्या रात्री मी त्याची लिंक चौघा मित्रांना पाठवली. दहा मिनिटांत तिघांची उत्तरं आली: ‘मस्त!’, ‘भारी जमलंय’, ‘एक नंबर’. चौथा जरा खडूस. त्याने लिहिलं, ‘अरे, ही लिंक सी ड्राइव्हपासून सुरू होतेय. तुझ्या घरी येऊन बघू का?’ पेज माझ्याच कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये होतं. माझ्याशिवाय कुणालाही ते उघडणं शक्य नव्हतं, आणि तरी तिघांना ते आवडलं होतं.

तेव्हापासून ‘छान आहे’ या अभिप्रायाचा भाव मला नेमका ठाऊक आहे. यात मित्रांचा दोष नाही. पानावर बसलेल्या पाहुण्याला ‘भाजी कशी झालीय?’ विचारलं तर तो खारट म्हणेल का? भाजीचा खरा अंदाज घ्यायचा तर ताटात काय उरलं ते बघायचं. वेबपेजचंही तसंच आहे. हा लेख एचटीएमएल-सीएसएस शिकून नुकतंच पहिलं पेज केलेल्यांसाठी आहे. ताट कसं बघायचं, एवढंच यात सांगितलंय.

आधी पेज घराबाहेर काढा

फुकटात पेज ठेवायची सोपी जागा म्हणजे गिटहब पेजेस. खातं काढा, नवी पब्लिक रिपॉझिटरी (प्रकल्पाचं सगळ्यांना दिसणारं फोल्डर) करा, फाइली अपलोड करा. मग सेटिंग्जमध्ये ‘पेजेस’ उघडून मेन ब्रँच निवडा आणि सेव्ह करा. लिंक लगेच चालली नाही तर घाबरू नका, पेज दिसायला १० मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. मुख्य फाइलचं नाव ‘इंडेक्स’ असावं, सगळं स्मॉल लेटर्समध्ये. गिटहबचा पसारा आज नको असेल तर नेटलिफाय ड्रॉपवर अख्खं फोल्डर ओढून टाका, लिंक तिथेच मिळते. मात्र खातं काढलं नाहीत तर ती लिंक थोड्याच वेळात बंद पडते.

इथे दोन खड्डे ठरलेले आहेत. पहिला म्हणजे फोटोचा पत्ता. इमेज टॅगमध्ये सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण मार्ग लिहिला असेल तर तुम्हाला फोटो दिसतो, जगाला मोडक्या चित्राची खूण दिसते. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल सारखंच वाटतं, सर्व्हरला वाटत नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या शेवटचं ‘जेपीजी’ पुष्कळदा कॅपिटलमध्ये असतं, कोडमध्ये आपण ते स्मॉलमध्ये लिहितो. घरी सगळं चालतं आणि अपलोड केल्यावर फोटो गायब होतात. म्हणून फाइलींची नावं आधीपासूनच स्मॉलमध्ये, स्पेस न देता ठेवा. दोन शब्दांच्या मध्ये हायफन द्या.

आता स्वतःच्या फोनवर वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, इनकॉग्निटो खिडकीत पेज उघडा. नेहमीचा ब्राउझर जुनी साठवलेली प्रत दाखवून आपल्याला खूश ठेवतो, इनकॉग्निटोत ती सोय नाही.

जाता जाता एक गोष्ट. सरावाच्या पेजवर स्वतःचा खरा पत्ता, जन्मतारीख, घरच्यांचा नंबर टाकू नका. पब्लिक रिपॉझिटरीत पुढच्या खेपेला तो काढला तरी जुन्या नोंदींमध्ये तसाच राहतो.

यंत्राला कळतं ते माणसाला विचारू नका

पेज बघायला तयार होणारा माणूस दुर्मीळ असतो. त्याची पाच मिनिटं ‘इथे टॅग बंद केला नाहीस’ हे ऐकण्यात घालवू नका, ते काम डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, व्हॅलिडेटर फुकट करतो. पेजची लिंक दिली की चुकांची यादी येते. वीस-बावीस चुका निघाल्या तरी पोटात गोळा आणू नका. फक्त पहिली दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा. एक न मिटलेला डिव्ह खाली दहा खोट्या चुका निर्माण करतो.

क्रोममध्ये एफ-१२ दाबल्यावर ‘लाइटहाउस’ नावाचा टॅब सापडतो. तो वेग, सुलभता (दृष्टिहीनांसकट सगळ्यांना पेज वापरता येणं) वगैरेंना १०० पैकी गुण देतो. त्याचा उपयोग करा, पण गुणांच्या मागे लागू नका. जवळजवळ कोऱ्या पेजलाही तिथे उत्तम गुण पडतात.

नवशिक्यांच्या पेजवर हमखास सापडणाऱ्या तीन गोष्टी आधीच बघून घ्या. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग नसेल तर फोन पेजला साधारण ९८० पिक्सेल रुंद समजून मांडतो आणि मग आक्रसून दाखवतो, त्यामुळे अक्षरं मुंगीएवढी होतात. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं डिझाइनच्या चित्रात सुंदर दिसतात, उन्हात वाचताच येत नाहीत. सुलभतेच्या नियमांप्रमाणे साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ लागतो. आणि फोटो! फोनवरचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो, तुम्ही तो ४०० पिक्सेलच्या चौकटीत दाखवता, पण बघणाऱ्याच्या डेटा पॅकमधून जातात पूर्ण फोटोचे एमबी. स्क्वूशसारख्या साधनाने तो आधी लहान करून घ्या.

पेज मराठीत असेल तर आणखी काही गोष्टी आहेत, आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये त्या तुम्हाला कुणी सांगणार नाही. शीर्षकाला ऐटबाज दिसण्यासाठी लेटर-स्पेसिंग दोन पिक्सेल द्या, असं त्या ट्युटोरियलमध्ये असतं. इंग्रजीत ते शोभतं. मराठीत शिरोरेघ मधोमध तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते शून्यच ठेवा. लाइन-हाइट १.२ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो; १.६ किंवा १.७ द्या आणि ‘मूर्ती’, ‘कर्तृत्व’, ‘दुसऱ्या’ असे शब्द एकाखाली एक टाकून डोळ्यांनी तपासा. एचटीएमएल टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचा ‘एमआर’ हा कोड लिहा, इंग्रजीचा ‘ईएन’ तसाच राहू देऊ नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तो फॉन्ट त्यामुळे ते वापरू शकतो, आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीनरीडरलाही कोणत्या आवाजात वाचायचं ते कळतं. कॅरेक्टर-सेट यूटीएफ-८ आहे ना, तेही बघा.

मजकूर छपाईवाल्याकडून आलेला असेल तर विशेष जपा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं त्याच्या कॉम्प्युटरवर शुद्ध मराठी दिसतं, कारण तिथे तो फॉन्ट बसवलेला असतो. तुमच्या वाचकाच्या फोनवर त्याच जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा येतो. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. जमत नसेल तर सरळ पुन्हा टाइप करा, वेळ वाचतो.

एक वाक्य लिहून काढा

हे पेज कुणी उघडायचं आणि काय करून जायचं? एका वाक्यात, वहीत. हे वाक्य जमलं नाही तर लोकही फक्त रंगांवर बोलतील, कारण बोलायला दुसरं काही तुम्ही ठेवलेलंच नाही.

शेजारी बसा आणि गप्प बसा

आता खरं काम. माझ्या भाचीने तिच्या आत्याच्या पापड-लोणच्याच्या घरगुती उद्योगासाठी पेज केलं होतं. तिचं वाक्य होतं: ‘आत्याला न ओळखणाऱ्या माणसाला फोनवरून पापड मागवता आले पाहिजेत.’ पेज घरात सगळ्यांना दाखवून झालं होतं, सगळ्यांनी वाखाणलं होतं. मी म्हटलं, शेजारच्या काकूंना बोलव, त्यांचा स्वतःचा फोन घेऊन.

स्वतःचाच फोन का, तर काकूंनी फोनमधली अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, काच एका कोपऱ्यात तडकली आहे आणि ब्राइटनेस बॅटरी वाचवायला कमी आहे. पेज वापरलं जाणार ते अशाच फोनवर.

भाचीने सांगितलं, ‘काकू, समजा तुम्हाला शनिवारपर्यंत अर्धा किलो पोह्याचे पापड हवेत. या पेजवरून मागवा बघू. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. आणि अडलात तर चूक पेजची, तुमची नाही.’ हे शेवटचं वाक्य प्रत्येकाला सांगायचंच. ते सांगितलं नाही तर माणसं अडखळल्यावर ओशाळतात आणि ‘मला नाही बाई हे जमत’ म्हणून फोन परत देतात.

काकूंचा अंगठा सगळ्यात आधी पापडांच्या फोटोवर गेला. दाबला. काही झालं नाही. परत दाबला. ‘हे उघडत नाही गं.’ भाची काही बोलणार तेवढ्यात मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. काकू वर गेल्या, खाली आल्या. ‘भाव कुठेय? भाव लिहिलेलाच नाही का?’ तळाशी नंबर दिसला तशा खुलल्या, त्यावर बोट दाबलं. फोन लागेना. नंबर म्हणजे मजकूर नव्हताच. भाचीने सुंदर बॅनर करून त्याचं चित्र टाकलं होतं. काकूंनी समोरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत पेनने नंबर उतरवून घेतला आणि मग एकेक आकडा बघत लावला.

हे सगळं झाल्यावर भाचीला राहवलं नाही. तिने विचारलंच, ‘काकू, कसं वाटलं पेज?’

‘अगं छानच केलंयस! रंग किती गोड आहेत.’

तिच्या वहीत तोवर चार ओळी होत्या: फोटो दाबून बघतात, भाव नाही, नंबर दाबता येत नाही, शीर्षकाचं ॲनिमेशन पाहिलंच नाही. त्या ॲनिमेशनवर तिने तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण ते कुणाला दिसलंच नव्हतं.

माणसाला काम देऊन मोठ्याने विचार करायला लावायची ही रीत नवी नाही. संशोधक क्लेटन लुईस यांनी आयबीएममध्ये १९८२ साली ती कॉम्प्युटरच्या वापराच्या चाचणीसाठी मांडली. आणि किती माणसं बसवायची? वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली हिशोब मांडला होता की ५ जणांत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी बाहेर येतात. एका पानाच्या साइटसाठी मी म्हणेन, आधी तिघे. मग दुरुस्ती. मग उरलेले दोघे, ज्यांनी पेज आधी बघितलेलं नाही असे. पाचही जण एकाच दिवशी बसवले तर पाचही जण तोच न चालणारा नंबर दाबत बसतील, पुढचं काही कळणार नाही.

गप्प बसणं ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात अवघड तेच. ‘कुठे दाबू?’ असं विचारलं तर ‘मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?’ एवढंच परत विचारायचं. त्यांच्या हातातल्या फोनला हात लावायचा नाही. ‘अहो ते खाली आहे’ म्हणायचं नाही. सात-आठ मिनिटांत आटपायचं आणि चहा द्यायचा. परगावच्या माणसाबरोबर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर त्यांना स्क्रीन शेअर करायला सांगूनही हे होतं, फक्त त्यांचं बोट कुठे घुटमळतंय ते दिसत नाही.

तुमच्याजवळ अँड्रॉइड फोन असेल तर टॉकबॅक, म्हणजे त्यातला स्क्रीनरीडर, सुरू करून, डोळे मिटून एकदा तुमचंच पेज ऐका. (तो सुरू असताना एकदा टेकवलं की वाचतो, दोनदा टेकवलं की उघडतो, बंद कसा करायचा ते आधी शोधून ठेवा, नाहीतर तारांबळ उडते.) फोटोंना ऑल्ट मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द) का लिहायचा, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

जाणकारांना विचारताना

काकूंना कोड कळत नाही, आणि कोडमधली घाण काकूंना दिसत नाही. त्यासाठी कॉलेजमधला सीनियर, ओळखीतली डेव्हलपर, फुकट कोडिंग शिकवणाऱ्या फ्रीकोडकॅम्पच्या फोरमवरचा प्रकल्पांवर अभिप्राय मागायचा विभाग, तशाच ओडिन प्रोजेक्टचा डिस्कॉर्डवरचा गप्पांचा गट अशा जागा आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो त्यासाठी नाही. तिथे नेमका बिघाड विचारायचा असतो, नुसतं ‘मत सांगा’ म्हणून उपयोग होत नाही.

‘माझं पहिलं पेज, प्लीज फीडबॅक द्या’ या निरोपाला उत्तर येत नाही, आलं तर ‘नाइस’ येतं. भाचीने मग असं लिहिलं:

‘नमस्कार. एचटीएमएल शिकायला लागून सहा आठवडे झाले. हे पेज घरगुती पापड-लोणच्याच्या ऑर्डरसाठी आहे, बघणारे बहुतेक फोनवरून बघतील. पेजची आणि कोडची लिंक खाली देतेय. दोन प्रश्न आहेत. एक, फोन उभा धरला की दरांचा तक्ता स्क्रीनबाहेर जातो. टेबललाच ओव्हरफ्लो-एक्स ऑटो लावून पाहिलं, फरक पडला नाही. दोन, हेडरसाठी फ्लेक्सबॉक्स वापरलाय, त्याची तिथे गरज आहे का? जावास्क्रिप्ट अजून शिकलेले नाही, तेवढं सोडून बोला.’

तासाभरात उत्तर आलं: तक्ता एका डिव्हमध्ये गुंडाळ आणि ओव्हरफ्लो त्या डिव्हला लाव, थेट टेबलला लावून उपयोग नाही. फ्लेक्सबॉक्स ठीक आहे. दोन ओळींत काम झालं, कारण तिने काय करून पाहिलं ते आधीच सांगितलं होतं. समोरच्याला पहिला अंदाज वाया घालवावा लागला नाही.

कोडचा फोटो पाठवू नका, तिरका तर अजिबात नको. तोच प्रश्न एकाच वेळी पाच ठिकाणीही टाकू नका. लोक ओळखतात, आणि मग पुढच्या वेळी कुणीच हात घालत नाही. आणि विचारायची लाज वाटत असेल तर एवढं लक्षात असू द्या की वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ६ ऑगस्ट १९९१ रोजी वर्ल्ड वाइड वेबची माहिती एका न्यूजग्रुपवर टाकली, तेव्हा सहकाऱ्यांचं स्वागत आहे असं त्यांनीही त्यात लिहिलंच होतं.

उत्तरं आल्यावर

लोक आजार सांगत नाहीत, थेट औषध सांगतात. ‘अक्षरं मोठी कर’ असं भाचीला दोघांनी सांगितलं. अक्षर १६ पिक्सेलचं होतं, म्हणजे ब्राउझर मुळात देतो तेवढं. मोठं केलं तर मजकूर दुप्पट लांब झाला आणि तरी तिसऱ्या माणसाने डोळे बारीक केलेच. खरं दुखणं फिकट करड्या रंगात होतं. रंग गडद केला, अक्षर परत १६ वर आणलं, तक्रार थांबली. म्हणून कुणी उपाय सुचवला की आधी विचारा, ‘नक्की कुठे वाचताना अडलात?’

दोघे एकाच जागी अडखळले तर वाद न घालता दुरुस्त करा. एकच अडखळला आणि दुरुस्ती पाच मिनिटांची असेल तर तीही करून टाका. एक म्हणतो नंबर वर हवा, दुसरा म्हणतो खाली, तर वहीतलं ते वाक्य काढा. पापड मागवायला आलेल्याला काय सोयीचं, त्यावर निकाल लावा. ‘गुलाबीऐवजी निळा घे’ ही आवड झाली, आभार माना आणि सोडून द्या. ‘हे रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या एका लायब्ररीत) करायला हवं होतं’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ठिकाणी भेटतोच. एका पानाच्या पापडाच्या पेजला त्याची गरज नाही, त्यालाही नमस्कार.

‘हो, पण’ हे दोन शब्द त्या दिवसापुरते तोंडातून काढायचे नाहीत. कुणी खोचक लिहिलं तर खोच बाजूला काढून आत काही माहिती उरते का बघा. उरली तर ती घ्या. दुरुस्ती झाल्यावर ज्याने चूक दाखवली त्याला एका ओळीत कळवा की अमुक बदललं. पुढच्या पेजच्या वेळी तोच माणूस आपणहून बघतो.

भाचीने बॅनरमधला नंबर काढून मजकुरात लिहिला आणि त्याला टेलचा दुवा जोडला, म्हणजे दाबला की थेट डायल होतो. पापडांच्या प्रत्येक फोटोखाली भाव टाकला. पुढच्या रविवारी काकूंना नाही बोलावलं, त्यांना आता सगळं पाठ होतं. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आले. त्यांना नाचणीचे पापड मागवायला सांगितले. आजोबांनी भाव वाचला, नंबर दाबला, आणि आम्ही थांबवायच्या आत खरोखरच तिकडे आत्याने फोन उचलला. आजोबांनी अर्धा किलोची ऑर्डर दिली. फोन ठेवला आणि परत पेज वर-खाली करायला लागले.

‘काय शोधताय, आजोबा?’

‘पैसे कसे द्यायचे ते.’

भाचीने वही उघडली.